उपदाढ क्रमांक सत्तावीस

चाळीस उपदाढा
थायमॉलच्या पाण्यात, लोणच्याच्या बरणीत.
बरणी घरची, झाकणाला अजून मेथीचा वास.
काही मिरजेच्या, काही विश्रामबागेतल्या,
एक डबी तासगावहून एसटीने आली.
कंडक्टरने विचारलं, काय आहे? दात, म्हटलं.
तो हसला नाही. लगेज लावलं नाही.

सगळ्या धडधाकट. तारांना जागा हवी
म्हणून उपटलेल्या, काही गुन्हा नसताना.
मी त्यांना लाल नेलपॉलिश लावलं,
मधे चार मिलिमीटरची खिडकी सोडली
आणि चार दिवस आम्लात ठेवल्या.
कारखान्याच्या गाडीतला ऊस ओढून
पोरं दुपारभर चघळतात, चूळ न भरता,
तेच, फक्त घाईने.
पाचव्या दिवशी खिडक्या खडूसारख्या पांढऱ्या.

एनॅमलला जीव नसतो.
म्हणून दुखत नाही,
म्हणून आपलं आपण भरूनही येत नाही,
बाहेरून कुणीतरी आणून द्यावं लागतं.

दहांना फ्लोराइडचं वार्निश दिलं, पिवळं, चिकट,
वास थेट मिरजेत सतारींना पॉलिश करतात तसा.
दहांना दुधातल्या केसीनचा लेप,
पदराच्या गाठीत सुटे पैसे बांधावेत
तसं त्याने कॅल्शियम बांधून आणलेलं.
दहांना हायड्रॉक्सीॲपटाइट, म्हणजे दाताला दाताचंच पीठ,
ट्यूब पुण्याहून, पाटणकर मॅडमच्या पैशाने.
उरलेल्या दहांना नुसती कृत्रिम लाळ.

लाळ रोज बदलायचे इलाहीभाई.
म्हणाले, या दहांनी कुणाचं घोडं मारलंय?
तुलनेला कुणीतरी उपाशी लागतं, म्हटलं.
ते काही बोलले नाहीत,
पण त्या दहांची लाळ सगळ्यांत आधी बदलायचे.
हे प्रबंधात लिहिलेलं नाही.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरत होतं, स्टायपेंडवर,
हिऱ्याच्या टोकाने एकेक दात टोचून
खळगा किती पडला ते मोजत.
वार्निश लावलेले वरून लवकर कडक झाले,
कापून पाहिलं तर दार बंद, आत घर पोकळ.
लेप हळूहळू पण आतवर पोचला होता.
पिठाचा आकडा सगळ्यांत वर,
पण लेपाहून इतका कमी वर
की संख्याशास्त्र म्हणालं, फरक लक्षणीय नाही.
आणि उपाशी दहाही
थोडे वर आले होते.
इलाहीभाईंना सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

त्याच आठवड्यात उत्कर्षा चौगुले आली, सांगलीवाडीची.
तारा निघाल्या होत्या आणि समोरच्या दातांवर
जिथे जिथे ब्रॅकेट होते त्याच्या कडेने
पांढऱ्या चौकटी.
माझ्या खिडक्या.
मी मुद्दाम चार दिवसांत केल्या होत्या,
तिच्या तोंडात पावणेदोन वर्षांत आपसूक झाल्या.
बोलताना ती तोंडावर हात धरत होती.

आई मार्केट यार्डात हळद निवडते, नखांत पिवळं.
म्हणाली, यातलं चांगलं कुठलं ते सांगा.
माझ्याकडे पान एकसष्टवर तक्ता होता.
ट्यूब तिच्या दोन दिवसांच्या हजेरीची,
वार्निश कॉलेजात फुकट.
मी वार्निश काढलं.
पहिल्यासारखं होईल?
पहिल्यासारखं नाही, म्हटलं. पण आहे त्याहून बरं.
त्या बाईने मान हलवली,
अशी उत्तरं तिने आधीही घेतली असावीत.

उत्कर्षाने विचारलं, माझी ती दाढ कुठाय?
सत्तावीस. रेझिनमध्ये रुतवलेली, उभी कापलेली.
सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तिला स्टुलावर बसवलं.
तिने बराच वेळ डोळा लावला,
हिऱ्याने पाडलेला तो चिमुकला तिरपा चौकोन पाहिला
आणि म्हणाली,
अय्या, शंकरपाळी!
हात खाली होता. सगळे दात दिसले.

मग हात परत वर गेला.
मी कार्डावर तीन महिन्यांनंतरची तारीख घातली.
खाली लिहिलं, ऊस खाऊ नये.
ते खोडलं.
ऊस खाल्ल्यावर चूळ भरणे.