बारा आकडे आणि तांबडी घोडी

रोज दुपारी सव्वा वाजता मी निरोप वाचते.
मॅगेलनच्या सामुद्रधुनीपलीकडे, जिथे फोन पोचत नाही
आणि रस्ता पोचला तर लोक म्हणतात, नशीब,
तिथल्या मेंढवाड्यांत चुलीशेजारी रेडिओ लागतो
आणि एदेल्मिरा बोलते. म्हणजे मी.

कातरणीची टोळी गुरुवारी नाही, शनिवारी येईल.
ओल्गाबाईंचं ऑपरेशन झालं, शुद्धीवर आहेत, चहा मागतायत.
एक तांबडी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका,
कुंपण ओलांडून गेली आहे. दिसली तर कळवा.

त्या दिवशी या सगळ्याच्या खाली एक चिठ्ठी होती,
चौकटीच्या वहीचा कागद, पेन्सिल:
यास्नासाठी, बाल्तासारकडून.
तीन सात एक एक
शून्य चार नऊ दोन
पाच आठ सहा चार.
तूही तुझे पाठव. एकट्यानं लिहून चालत नाही.

तीस वर्षं वाचतेय मी.
मरणं वाचली, बारशी वाचली,
एका नवऱ्याची माफी वाचली, दोनदा,
कारण पहिल्या वेळी बायकोनं रेडिओ बंद केला असणार
अशी त्याची खात्री होती.
पण नुसते आकडे कधी आले नव्हते.
वाटलं, कर्जाचा हप्ता असेल. वाटलं, पोरं आहेत, असेल काही.
वाचले. एकेक, तांदूळ निवडावेत तसे.

बाकीचं नंतर कळलं, तुकड्यातुकड्यांनी,
लोकरीच्या ट्रकवाल्याकडून:
की पोराच्या बापाला शहरात माशांच्या कारखान्यात काम लागलं,
की दोघांकडे ते मिटणारं, दोन पडद्यांचं यंत्र आहे,
की शाळेच्या छपरावरची तबकडी शुक्रवारी तासभर चालते
आणि त्या तासात, कोड जुळले तर,
तो तिच्या गावात येऊ शकतो.
पडद्यातलं गाव. चार घरं, ओढा,
आणि आमच्याकडे कधीच न धरणारी फळझाडं.
तो थेट दारात उभा राहतो म्हणे,
हातात एक पेर घेऊन.

यास्नानं अकरा आकडे लिहिले.
बाराव्यावर वारा आला.

वारा इथे येत नाही खरं तर, इथेच राहतो;
येऊनजाऊन असतो ते आपण.

शुक्रवारी तिनं शेवटी शून्य टाकलं.
यंत्र म्हणालं, असा कुणी नाही.
एक. असा कुणी नाही.
दोन. असा कुणी नाही.
तीनवर तबकडी मेली.

पुढचा शुक्रवार वादळात गेला, त्याच्या पुढचा कातरणीत.
मग म्हातारा एलेउतेरियो आला, तीन तास घोड्यावरून,
मीठ मागायला.
त्याच्याकडे यंत्र नाही, वीजही नाही.
पण त्यानं भिंतीवर कोळशानं सगळे बारा लिहून ठेवले होते,
कारण रेडिओवर आकडे सांगतात ते उगाच नसतात.
लॉटरीला लावले होते. लागले नाहीत.
"शेवटी चार," तो म्हणाला. "चारनंच घात केला माझा."
पोरगी हसायला लागली ती थांबेचना.
त्याला मिठाबरोबर अर्धी वडी चीज मिळालं, कारण न कळता.

काल माझ्या टेबलावर दुसरी चिठ्ठी आली,
मेंढीचा वास असलेली.
बाल्तासारसाठी, यास्नाकडून.

काचेपलीकडून नेल्सननं हात केला, वेळ संपत आली.
मी पाण्याचा घोट घेतला
आणि बारा आकडे तीनदा वाचले, शेवटचा चारदा.
ते इथे सांगत नाही. ज्याचे त्याला पोचले.

पण मला माहीत आहे, दोन्ही काठांवर
निदान चाळीस घरांत पेन्सिली शोधल्या गेल्या असतील.
ज्यांच्या दारात कुणीच येऊन उभं राहणार नाही
तेही लिहून घेत असतील,
असू दे म्हणून.

आणि ती तांबडी घोडी.
कपाळावर पांढरा ठिपका, डावा मागचा पाय जरा ओढते.
अजून सापडलेली नाही.
दिसली तर कळवा.