तितर आणि नारंगी

टेबलाच्या कडेला शेगडा आवळलाय,
त्याच्या जबड्यात चौदा नंबरचा गळ, उलटा दात नसलेला.
ब्रायोनी मेटकाफ चष्म्यावर दुसरा चष्मा चढवते.
मार्च संपत आलाय. यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात
दगडी कुंपणांच्या सावलीला अजून मळकं बर्फ,
आणि खाली युअर नदी, चहात घोळल्यासारखी तांबूस.

वडिलांची माशी म्हणजे तीन वस्तू:
गळ, नारंगी रेशीम,
तितराच्या पाठीवरचं ठिपक्यांचं एक पीस.
तेही दीड वेढा. दोन घेतले तर
"ही माशी नव्हे, झाडू," म्हणायचे अ‍ॅम्ब्रोज.
त्यांच्या वडिलांनी बांधली तशीच त्यांनी,
मक्षिकास्थाने मक्षिका,
एकोणचाळीस हिवाळे.
मग एका हिवाळ्यात माशी शिंकली:
उजवा हात कापू लागला,
डावा डोळा दुधाळ झाला.

ते रेशीम आता कुणी बनवत नाही.
शेवटचं रीळ बिस्किटांच्या डब्यात आहे,
रंग उडू नये म्हणून, की संपू नये म्हणून,
तिलाही सांगता यायचं नाही.

तिच्या माशीला टंगस्टनचा मणी,
मोहरीहून थोडा मोठा.
पॉलिस्टरचा धागा, केसाएवढी तांब्याची तार,
वर रेझिनचा थेंब,
निळ्या टॉर्चखाली दहा सेकंदांत काच.
(रेशीम भिजलं की काळवंडतं, आतला गळ दिसू देतं.
पॉलिस्टर नारंगी ते नारंगीच.)
तितर मात्र खरा,
शेजारच्या ऑल्विनने मारलेला,
त्याच्या मांजराने अर्धा खाल्लेला.

ती माशी त्यांच्या तळहातावर ठेवते.
ते खालच्या ओठाला लावून बघतात,
डोळे गेल्यापासून ओठानेच बघतात.
"जड आहे."
"तळाशी जाते, बाबा. या थंडीत मासे तळाशी असतात."
"मासे वर येईपर्यंत थांबायचं असतं."
या घरात भांडण एवढंच. दोन वाक्यं, मग चहा.

रविवारी, पुलाच्या पलीकडच्या वळणावर
तिसऱ्या फेकीला दोरी क्षणभर अडखळते, दगडाला अडल्यासारखी,
आणि दगड हलतो.
वीतभर ट्राउट, लोण्याच्या पोटाचा.
ओल्या मुठीत एक धडपड,
गळ आपसूक निघतो,
मग हातात नुसतं गार पाणी.

"कशावर?" ते विचारतात, बूट काढायच्या आधीच.
"दोन बांधल्या होत्या. टोकाला माझी.
तिच्या वर हातभर अंतरावर तुमची.
मणी तिला खाली घेऊन गेला."
"घेतली कुठली?"
"वरची."

ते विस्तवाकडे तोंड करून बसतात, बराच वेळ.
"रेशीम काढलंस म्हणजे."
"वीतभर गेलं."
"वेढे?"
"दीड."

ती डबा खाली काढते, रीळ त्यांच्या हातात देते.
अंगठा रेशमावरून फिरतो,
लाकूड लागेपर्यंत किती उरलंय,
चाचपतो.