लेबलाखाली

खडेबाजारातल्या मिटलेल्या दुकानाचा माल:
चावीची आगगाडी, खोक्यासकट.
झाकणावर चिकटलेले साडेसात रुपये.

निलगिरीचं तेल, कापसाचा बोळा.
नख लावायचं नाही, पुठ्ठ्याची साल निघते.
बोटाच्या पेरानं गोल गोल,
डिंकाच्या वळ्या सुटतात
अंगाच्या मळासारख्या.

खाली आणखी एक लेबल. सहा रुपये.
त्याच्याही खाली
कुणी दाबून लिहिलेलं, निळ्या बॉलपेननं:
कल्लाप्पा य. मोदगेकर, चौथी ब.

म्हणजे गाडी घरी गेली होती.
एखादी रात्र तरी.
मग कुणीतरी परत आणून दिली,
आणि दुकानदारानं नावावर किंमत डकवली.

स्पिरिटनं शाई जाते. बूच काढलं,
वास आला, परत बसवलं.

हुबळीच्या गिऱ्हाइकाला फोन केला: डाग आहे, निघत नाही.
मग कमी करा, म्हणाला.
केले.
सहा रुपये.