आधी तू कोण ते सांग

फोल्डरांची नावं मोठ्यानं वाचली तर हसू येतं:
हिशेब फायनल, हिशेब फायनल दोन,
हिशेब खरंच फायनल,
हिशेब फायनल हात लावू नये.
त्यातल्या शेवटच्यालाच मी हात लावला,
दिवाळीच्या आठ दिवस आधी,
आणि गड्डम शेठच्या बावन्न कामगारांचा बोनस
टॉवेलच्या डझनावर नाही, किलोवर निघाला.

जुनं गणित कुठंच नव्हतं.
थोडं माझ्या डोक्यात, थोडं शेठच्या वहीत,
उरलेलं जॉबर इस्माईलभाईंच्या तोंडी.
तीन रात्री बसून पुन्हा उभं केलं.
पगार झाले, कुणी काही बोललं नाही.
इस्माईलभाई तेवढे म्हणाले,
"पोरी, जुनं पुसायच्या आधी उतरून ठेवत जा."

तरी मे उजाडलाच.
विडी घरकुल, पत्र्याखाली दुपारचे तीन,
पंखा माझ्याकडं नाही, लॅपटॉपकडं वळवलेला.
नेट नाही. लागतही नाही, हे आजच कळलं:
गिट आपल्याच डिस्कवर, आपल्याच फोल्डरात
टिंबानं सुरू होणारी एक लपलेली खोली करून राहतं.
गिट इनिट. एक ओळ.
एवढ्यासाठी सहा वर्षं थांबले होते मी.

पहिली नोंद करायला गेले तर ते अडलं.
आधी तू कोण ते सांग, म्हणालं.

कारखान्यात मी कंप्यूटरवाली.
शेठच्या मोबाइलमध्ये "हिशेब पोरगी".
बँकेच्या फॉर्मवर धंदा: घरकाम,
साहेबानं न विचारताच भरलेला.
कुणी असं सरळ विचारलंच नव्हतं.
मी टाइप केलं
विजयालक्ष्मी अंबादास कुडक्याल,
दोन्ही क नीट बघून.

मग पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं: ब्रँच, मेन.
उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बसलेली अम्मा
पान कापता कापता थांबली.
"तुझ्यात बी ब्रँच हाय? चेकर कोण?"
मीच.
"छाट किती काढतीस?"
काढते, पण फेकत नाही. तारीख घालून ठेवते.
"वाईट विडी ठिवून काय करायचं गं?"

मला सांगता आलं नाही.
चाळीस वर्षं तिच्या हजारातल्या
मूठ-मूठ विड्या टेबलाखाली गेल्या,
कुठल्या, कशापायी, कुणी लिहिलं नाही,
फक्त मजुरी कमी लागली.

मी आधी चुकीची फाइलच नोंदवली.
संदेश लिहिला: दिवाळीला मी बिघडवलेलं.
तिच्यावर बरोबर फाइल ठेवली, दुसरी नोंद केली.
मग पेनड्राइव्हवर सगळं उतरवलं,
कारण ही डिस्क मेली तर खोलीही मेली;
तो अम्माच्या विडी-पासबुकाच्या डब्यात टाकला.

संध्याकाळी लाइट गेली. बॅटरी अकरा टक्के.
दोन्ही नोंदी शेजारी लावून पाहिल्या:
वर लाल ओळ, किलो. खाली हिरवी, डझन.
दोन्हींच्या डोक्यावर माझं नाव.

अम्मे, इकडं ये, म्हटलं.
ही बघ वाईट विडी.