दुसरा गोलरक्षक

अकरा हंगाम मी दार उघडलं.
थट्टा नाही, कामच ते:
बाकाच्या टोकाला उभं राहायचं, हेल्मेट कपाळावर ढकलून,
धापा टाकत आलेल्याला आत घ्यायचं,
ताज्या दमाच्याला बाहेर सोडायचं,
कडी मधल्या बोटानं सरकवायची
कारण तर्जनी सरावातच मोडलेली. दोनदा.

जाळीसमोर लॉर्न असायचा.
बर्फावर अंथरलेलं ते हिरवं खोटं गवत,
भोवती लाकडी कुंपण, वर बफेलोची आठ हजार माणसं,
आणि सुटलेला रबरी चेंडू, ज्याला मांडी, गळा, कानशील
सगळं सारखंच.
लॉर्न तो अंगावर घ्यायचा.
डोळे मी मिटायचो.

शुक्रवारी विमान. शनिवारी सामना. रविवारी पहाटे घरी.
सोमवारी कुणाच्या तरी तळघरात, गुडघ्यांवर,
विझलेल्या भट्टीच्या तोंडात टॉर्च धरून.
लॅक्रॉसचा हंगाम हिवाळ्यात,
आणि भट्ट्यांनाही मरायला हिवाळाच लागतो.
सास्काटूनच्या विमानतळावर मिसेस कोवाल्चिकचा फोन:
घरात माझ्याच श्वासाची वाफ दिसतेय मला, कुठं आहेस तू?
म्हटलं, खेळायला आलोय.
ती म्हणाली, या वयात?

काय सांगणार.
व्यावसायिक खेळाडू म्हणजे
ज्याला खेळायचे पैसे मिळतात
आणि ज्याचं पोट भट्ट्यांवर भरतं.

क्लेटसमामानं माझी पहिली काठी केली होती.
हिकरीचं लाकूड, वाफेवर मऊ करून वाकवलेलं,
दोरीनं आवळून माळ्यावर टाकलेलं. मी रोज विचारायचो, झाली?
तो म्हणायचा, अजून सरळ व्हायचा विचार करतेय ती.
सामन्याचा निकाल त्यानं कधी विचारला नाही.
एवढंच विचारायचा, लागला का कुठं?
मी नाही म्हणायचो.
खरंच लागलेला नसायचा.

मग रॉचेस्टरला लॉर्नचा गुडघा गेला.
स्ट्रेचर बाहेर नेताना दार मीच उघडलं
आणि मग लक्षात आलं, आता मलाही यातूनच जायचंय.
बावीस मिनिटं.
पहिला गोल पायांच्या मधून. दुसरा कसा, ते अजून कळलेलं नाही.
एकूण नऊ.
पण एक मी अडवला.
दिसलासुद्धा नाही तो. पुढं माणसांची भिंत होती,
भिंतीतून काहीतरी आलं, हासळीच्या हाडावर बसलं
आणि खाली पडून माझ्या बुटापाशी गोल गोल फिरत राहिलं,
घरी आलेल्या कुत्र्यासारखं.

ती खूण महिनाभर टिकली.
जांभळी, मग शेवाळी, मग जुन्या कागदासारखी पिवळी.
मामाला सदऱ्याची बटणं काढून दाखवली.
त्यानं चष्मा लावून पाहिली, अंगठ्यानं दाबली,
मी ओरडलो, तेव्हा म्हणाला, बरं.

जूनमध्ये संघाचं पत्र आलं. तीन ओळी.
एमरीच्या जागी हेन्री लिहिलं होतं.
बायको भांडायला निघाली, मी म्हटलं राहू दे,
हेन्रीलाच काढलंय त्यांनी.

यंदा मामा आजारी पडला.
आमच्यात अशा वेळी माणसासाठी खेळ मांडतात.
लाकडी काठ्या, अंगावर काही चिलखत नाही,
लाँगहाऊसमागचं ओलं मैदान, दवात भिजलेले बूट,
सत्तर वर्षांचा विल्मर आणि त्याचा नऊ वर्षांचा नातू
समोरासमोर.
मामा खुर्चीत, मांडीवर घोंगडी,
तोंडावर कसलाच भाव नाही, फक्त नजर चेंडूमागं.

मी सवयीनं कडेला जाऊन उभा राहिलो,
हात कडी चाचपत.
कडी नव्हती. कुंपणही नव्हतं,
नुसतं गवत, थेट झाडांपर्यंत.

"एमरी," मामा ओरडला, खोकला, पुन्हा ओरडला,
"कुणाची वाट बघतोयस?"