काले आवशे

रावपुऱ्यात, टपाल कचेरीच्या पुढच्या गल्लीत
माझं दुकान आहे. नऊ बाय अकरा.
मी समुद्र विकतो.
दीव दोन रात्री, तारकर्ली तीन,
अंदमान पाच, नाश्त्यासकट.
भिंतीवरच्या पोस्टरातले माड
उन्हानं निळे पडलेत, समुद्र जवळजवळ पांढरा.
तसा खरा समुद्र बडोद्याहून फार लांब नाही,
पण तो खंभातचा, चिखलाचा, चहाच्या रंगाचा.
त्याला गिऱ्हाईक नाही.

कुसुमताई माणकेश्वर आल्या त्या ऐन दुपारी.
तारखात्यातून निवृत्त, वय एकाहत्तर,
पिशवीत लिलो चेवडो आणि छत्री.
म्हणाल्या, "जिथे बघण्यासारखं काही नाही
असं एखादं गाव काढा. समुद्रकाठचं."
मी किल्ला म्हटलं. नको.
डॉल्फिन म्हटलं. त्यांना कशाला त्रास.
सूर्यास्ताचा पॉइंट म्हटलं, तर हसल्या.
"अडतीस वर्षं मी लोकांची घाई मोजली,
शब्दामागे पैसे लावून.
आई गंभीर. ताबडतोब निघा. लगेच कळवा.
आता अशी जागा द्या
जिथे 'लगेच' अजून पोचलेलं नाही."

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं एक बेट सापडलं.
नाव सांगत नाही, ती त्यांची अट,
परत आल्यावर घातलेली.
दोनशे उंबरे खारव्यांचे, गोड पाण्याची एक विहीर,
शाळेच्या ओट्यावर वाळत घातलेले बोंबील,
आणि दिवसातून एक बोट.
मी चार दिवसांचं बुकिंग केलं.

पाचव्या दिवशी त्या आल्या नाहीत.
सहाव्याही नाही.
फोन लागला तो खोलीच्या मालकाला, जीवणभाईला.
मागे वारा, कोंबडा,
कुणीतरी लाकडावर सावकाश ठोकतंय.
"बोट?"
"काले आवशे."
दुसऱ्या दिवशी पुन्हा. "काले आवशे."
त्याच सुरात, ज्या सुरात आपण म्हणतो, बसा, चहा टाकलाय.
मी बर्थ रद्द केली, पुन्हा काढली, पुन्हा रद्द केली,
नुकसानभरपाईचा हिशोब मांडला,
माफीचं पत्र दोनदा फाडलं.

नवव्या दिवशी त्या दारात उभ्या.
नाकाची कातडी सोललेली, चपलांत वाळू.
मी पाकीट पुढे केलं.
त्यांनी नोटा मोजल्या, खात्याची सवय,
आणि परत सरकवल्या.

"अहो, पहिले चार दिवस तर मी तिथे पोचतच होते.
पाचव्या दिवशी बोट आली नाही,
मग मी धक्क्यावर बसले.
बायका जाळं सांधत होत्या,
एकीनं मला त्याचं टोक धरायला दिलं.
दुपारभर धरलं. कुणी आभार मानले नाहीत.
पाणी इतकं मागे गेलं, की होड्या
कुशीवर कलंडल्या, बसक्या बैलांसारख्या.
मग ते परत आलं. कुणी मान वर केली नाही.
आणि तुम्ही पैसे कसले देताय?
मी याचेच तर दिले होते."

जाताना चेवड्याची पुडी टेबलावर ठेवली.
"तिथे नेली होती. उरली."

संध्याकाळी एक जोडपं आलं,
तीन दिवसांत किती बेटं होतील विचारत.
मी सहा बसवून दिली.
धंदा आहे.

रात्री शटर ओढून सुरसागरच्या कठड्यावर टेकलो.
पाणी ना पुढे आलं, ना मागे गेलं.
पुडी उघडली, चेवडा मऊ पडला होता,
खारट हवेनं असेल.
घरून फोन आला, कुठे आहात, कधी येताय.
"येतो," म्हटलं.
पुढचा शब्द लावला नाही.