उताराचा डबा

एवारिस्तो टेकडीवरची लिफ्ट चालवतो.
लिफ्ट म्हणजे तिरक्या रुळांवरचे दोन लाकडी डबे,
एकाच तारेला बांधलेले;
एक खाली जातो म्हणून दुसरा वर येतो.
वाल्पाराइसोत सपाट असं काही नाहीच,
माझ्या दवाखान्यातलं टेबलसुद्धा
समुद्राकडे कललेलं.

रात्री पावणेदोनला आला,
स्वेटरात गुंडाळलेली सेनिसा घेऊन.
"फार काही नाही, डॉक्टर, शेपटीपाशी चावलंय कुणीतरी.
मासळीबाजारातला तो एककान्या असेल.
तीन दिवस यंत्राखाली बसून होती,
खाल्लं नाही, बोलली नाही."

जखम तिळाएवढी.
वर खपली, अगदी सज्जन दिसणारी.
हिरड्या खडूसारख्या. अंग पस्तीस अंश.
रक्तदाब मोजायला गेले, तर यंत्र गप्प.
काळजानं धावायला हवं होतं.
माणसाचं धावतं, कुत्र्याचं धावतं,
मांजराचं अशा वेळी रेंगाळतं,
उशीर झाला तरी कुणी रागावणार नाही
अशा घरी निघाल्यासारखं.
फक्त श्वास धावत होता.
तोंड उघडं.
मांजर तोंडानं श्वास घेऊ लागलं
की समजायचं, गाठीची शेवटची नोट मोडली.

"सलाइन लावा ना. भरपूर. सोडा नळ."
मी म्हटलं, हळू. आधी ऊब.
गरम पाण्याच्या बाटल्या, मोजे घातलेल्या.
प्राणवायूची पेटी. प्रतिजैविक.
मग थेंब, एकेक, मोजून.
घाईनं भरलं तर पाणी शिरांत राहत नाही,
झिरपतं, आणि झिरपतं तिथेच
जिथे हवेनं बसायचं असतं.

"पण चावलं शेपटीला. दम का लागतो?"

हा प्रश्न मला परीक्षेत आला होता.
कुत्र्याचं आतडं आधी हात टेकतं,
मांजराचं फुप्फुस.
एका ओळीत लिहिलं होतं, दोन गुण मिळाले होते.
एवारिस्तोला म्हटलं,
आग शेपटीत आणि बंब फुप्फुसात.
रक्तातले शिपाई हाकेसरशी निघतात,
फुप्फुसातल्या गल्ल्या मात्र केसाहून बारीक,
तिथे ते अडकतात,
आणि अडकल्या जागीच हत्यारं चालवतात.
भिंती गळू लागतात.

तो बराच वेळ गप्प.
त्याच्या बहिणीचं घर असंच गेलं होतं,
बंब खालच्या जिन्यापाशी अडकलेला,
वर सगळा उतार पेटलेला.

पेटीच्या काचेला हात लावून तो श्वास मोजत बसला.
चौसष्ट. सत्तर. पुन्हा चौसष्ट.
दुसरा हात गुडघ्यावर,
नसलेला दांडा धरून
पुढे, मागे.

चारच्या सुमारास सेनिसा घुरघुरू लागली.
"ऐकलंत?" तो हसला. "बरं वाटतंय तिला."
मांजरं मरतानाही घुरघुरतात.
मी बाटल्यांतलं पाणी बदलायला गेले.

सहाला दहा कमी असताना आकडे संपले.

त्यानंच विचारलं, आत बघणार का?
म्हणाला, बघा, पण मी बाहेर थांबतो.
फुप्फुसं काळपट लाल, जड, काळजीच्या तुकड्यासारखी
(काळीज नव्हे, खाटकाकडची काळजी,
तीच जी तिला रविवारी मिळायची).
एक तुकडा बरणीत टाकला.
निरोगी फुप्फुस तरंगतं. आयुष्यभर भरलेली हवा
कापल्यावरही सोडत नाही.
हा तुकडा अर्ध्यावर क्षणभर थांबला,
मग गेला तळाला.

सात वाजता गोदीवाले येतात, लिफ्ट उघडावी लागते.
एवारिस्तोनं स्वेटर झटकला, घातला.
केस होते त्यावर, राखी, असू दिले.

संध्याकाळी मी त्याच्या डब्यात बसले.
समोरून उताराचा डबा आला, रिकामा,
आणि तरी भार असल्यासारखा खाली गेला.
वर पोचल्यावर तिकिटाचे पैसे त्यानं परत सरकवले.
"तुकडा बुडाला म्हणालात.
किती वेळ लागला?"

लगेच, मी म्हणाले.
लगेच बुडाला.